सरस, काच आणि गच्चीवरचं वाळवण

मागच्या ऑगस्टमध्ये मी आईचं एक जर्मनचं पातेलं बाटवलं. ‘बाटवलं’ हा तिचा शब्द. मी त्यात सरस तापवला होता, तोही श्रावणात, तोही सोमवारी. सरस म्हणजे जनावरांची कातडी, हाडं उकळून काढलेला गोंद. फेव्हिकॉल घरोघर पोचण्याआधी सुतारांचं सगळं काम यावरच चालायचं. अण्णा, म्हणजे माझे वडील, पेंटर. ते डिस्टेंपर स्वतः कालवायचे तेव्हा त्यातही खडूच्या पुडीसोबत सरस पडायचा. त्यामुळे हा वास आमच्या घराला नवा नव्हता. पण अण्णांचं सरसाचं पातेलं दुकानात असायचं, घरात नाही, असं आई म्हणाली आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हापासून आईचं ते पातेलं माझंच झालं. अजूनही त्यातच काम चालू आहे.

तर मुळात हे उद्योग कशासाठी, ते सांगतो. माझा आतेभाऊ मखमलाबाद रोडला मिसळीचं दुकान काढणार होता. नाशकात मिसळीच्या दुकानांना तोटा नाही, त्यामुळे त्याला बोर्ड असा हवा होता की माणूस गाडी थांबवून बघेल. मी शालिमारजवळ फ्लेक्स आणि रेडियम कटिंगचं दुकान चालवतो. अण्णांचंच दुकान, फक्त आता ब्रशऐवजी प्लॉटर, म्हणजे अक्षरं कापणारं मशीन आहे. त्याला म्हटलं, दोन दिवसांत फ्लेक्स देतो, पैसेही घेत नाही. तर म्हणाला, “दादा, फ्लेक्स सगळ्यांकडे आहे. मामांच्या हातचं काहीतरी दे ना.”

मामांचा हात आता कापतो. त्यांनी १९९१ आणि २००३ च्या सिंहस्थात रामकुंडापासून तपोवनापर्यंत किती बोर्ड रंगवले त्याची गणती नाही. २०१५ च्या सिंहस्थात मी फ्लेक्स छापत होतो आणि ते दुकानात बसून गिऱ्हाइकांना चहा सांगत होते. याबद्दल आमच्यात कधी भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं असं मला कधीकधी वाटतं.

काचेचं हे काम मी आधी मोबाईलवर पाहिलं होतं. इंग्लंडमध्ये टॉर्की नावाच्या गावात डेव्हिड स्मिथ नावाचे कारागीर आहेत, काचेवर उलट्या बाजूने सोनेरी अक्षरं काढण्यात त्यांचं मोठं नाव. २०१२ साली जॉन मेयर या अमेरिकन गायकाच्या अल्बमचं कव्हरही त्यांनीच केलं. त्यांच्या कामात काचेचा काही भाग असा दिसतो की थंडीत खिडकीवर बर्फ साचलं असावं, किंवा नेच्याची पानं एकावर एक दाबून ठेवली असावीत. मला वाटलं ॲसिडने केलं असेल. पण ते ॲसिड नव्हे, सरस निघाला. काच खरबरीत करायची, तिच्यावर गरम सरसाचा जाड थर द्यायचा आणि वाळू द्यायचा. वाळताना सरस आकसतो. त्याने काचेला इतकं घट्ट धरलेलं असतं की तो सुटताना काच सोडत नाही, काचेचा पापुद्राच सोबत उपटून नेतो. काच दाबायला जाल तर भक्कम, ओढायला जाल तर कच्ची. तिथेच सरस तिला हरवतो. उपटलेली कपची शिंपल्यासारखी वळलेली असते, आणि अशा शेकडो कपच्या निघाल्या की मागे ती पानांची नक्षी उरते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंड-अमेरिकेत दारांना, दुकानांच्या पाट्यांना अशा काचांची फॅशन होती.

अण्णांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी पूर्ण बघितला आणि म्हणाले, “म्हणजे काच फोडायची आणि वर्ख लावून झाकायची.”

“तसं नाही, अण्णा.”

“अरे, तसंच आहे. पण बघायला बरं आहे.”

ऑगस्टमधला पहिला प्रयोग मी एका रद्दी काचेच्या तुकड्यावर केला. काच साधीच हवी, टफन चालत नाही. टफन काचेच्या पोटात ताण भरलेला असतो, एका ठिकाणी खोल ओरखडा गेला की अख्खी काच साबुदाण्यासारखी गळून पडते. खरबरीत करायला अंबडच्या एमआयडीसीत एका जॉबवर्कवाल्याकडे गेलो. तो लोखंडी कास्टिंगवर ब्लास्टिंग करतो, म्हणजे हवेच्या जोराने बारीक दाणे मारून पृष्ठभाग घासतो. काच बघून तो आधी हसला आणि मग आपल्या पोरांना बोलावून त्यांनाही दाखवली. पण काम नीट करून दिलं, ॲल्युमिनियम ऑक्साईडच्या बारीक पावडरने, बंद पेटीत. उघड्यावर रेती मारून करणारेही आहेत, पण रेतीची ती धूळ फुप्फुसात जाऊन बसते, त्यांच्याकडे मी गेलो नाही.

सरस वाळूसारख्या दाण्यांचा मिळाला. वजनाच्या दीडपट गार पाण्यात रात्रभर भिजवला. सकाळी दाणे फुगून जेलीसारखे झाले होते. मग दुहेरी भांड्यात, म्हणजे मोठ्या पातेल्यात पाणी आणि त्यात ते जर्मनचं पातेलं, असं ठेवून तापवला. थर्मामीटर ६० ते ६५ अंशांवर ठेवायचा. उकळी आणायची नाही, उकळला की सरसाची ताकद जाते, मग तो नुसता चिकट उरतो, ओढत नाही. हे सगळं मी बरोबर केलं. ब्रशने मधासारखा जाड थर दिला आणि काच खोलीत पंख्याखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सरस रबरासारखा. तिसऱ्या दिवशी तसाच. चौथ्या दिवशी तसाच, फक्त आता वास मारायला लागला होता. सहाव्या दिवशी त्याच्यावर हिरवट बुरशीचे ठिपके आले. मी आर्द्रता मोजायचं एक छोटं घड्याळ आणलं, त्याने ८८ दाखवले. बाहेर आठवडाभर झड लागलेली, गोदावरीला पूर, दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी आलं म्हणून लोक फोटो काढायला जात होते, आणि मी घरात सरस वाळायची वाट बघत होतो. शेवटी कोमट पाण्याखाली काच धरली, सगळा सरस धुऊन गेला आणि काच जशीच्या तशी परत. या कामातली एवढी एक गोष्ट दयाळू आहे. सरस हरला तर काच पुन्हा वापरता येते.

डिसेंबरात दुसरा प्रयत्न. हवा कोरडी होती, पण गारठा असा की निफाडकडे द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवत होते. आमच्या सिडकोतल्या खोलीत काच बर्फासारखी झालेली. गरम सरसाचा ब्रश टेकवला की तिथल्या तिथे तो थिजायचा. पुढे ओढायला जावं तर मागचा थर खरवडून यायचा. जिथे जाड पडला तिथे गाठी आणि जिथे पातळ पडला तिथे नुसती साय. चार दिवसांनी पातळ भाग पापडीसारखा अलगद निघाला, काचेला काहीही न करता. गाठींच्या खाली मात्र चार-पाच ठिकाणी काच उपटली गेली. अंगठ्याच्या नखाएवढे पाच तुकडे. मी ती काच खिडकीत धरली. त्या पाच जागांमध्ये ऊन असं मोडत होतं की मी अण्णांना हाक मारली. त्यांनी चष्मा काढून, काच डोळ्याशी नेऊन, बराच वेळ बघितली. मग विचारलं, “काय लिहायचंय याच्यावर?”

एवढ्यासाठीच मी सगळं करत होतो की काय, कोण जाणे.

बोर्डावर एकच शब्द असणार होता, ‘मिसळ’. दुकानाचं नाव खाली फ्लेक्सवर येईलच, आतेभावाचं म्हणणं. अण्णांनी बटर पेपरवर अक्षरं काढायला घेतली. हात टेकवायला काठी घेतली, तिच्या टोकाला कापडाची गुंडी. पूर्वी ही काठी त्यांना फक्त ओल्या रंगाला हात लागू नये म्हणून लागायची, आता हात स्थिर ठेवायला लागते. अकरा वेळा काढलं. मला पहिलंच चांगलं वाटलं होतं, पण मला चांगलं वाटणं हे त्यांच्या हिशेबात धरलं जात नाही. ‘म’ची गाठ आणि ‘स’ची गाठ सारखी दिसली नाही पाहिजे, बहिणी असाव्यात, जुळ्या नव्हेत, असं ते म्हणाले. ‘ळ’ला त्यांनी दोन पोटं दिली ती एक किंचित मोठं, एक किंचित लहान. आणि ‘मि’ची वेलांटी शिरोरेषेवरून असा वळसा घेऊन खाली आली होती की माझ्या प्लॉटरमधल्या दोनशे फॉन्टांपैकी एकाला ते जमलेलं नाही.

मार्च संपता संपता मी खऱ्या काचेला हात घातला. ६ मिलिमीटर जाडीची, २ फूट बाय १ फूट, कडा घासून गोल केलेल्या. तिच्यावर ब्लास्टिंगचा जाड रबरी स्टिकर चिकटवला. बटर पेपर उलटा केला, कारण सगळं काम काचेच्या पाठीमागून असतं आणि वाचणारा पुढून वाचतो. उलट्या अक्षरांच्या कडांवरून कार्बन पेपरने गिरवलं. मग कटरने स्टिकर कापून अक्षरांच्या पोटातला भाग सोलून काढला. हे मी रात्री साडेअकरापर्यंत करत होतो. सकाळी ब्लास्टिंगवाल्याकडे द्यायची होती. ही वेळ लक्षात ठेवा.

एप्रिल लागला. घड्याळ दुपारी आर्द्रता १९ दाखवायला लागलं, पारा चाळिशीच्या आसपास. व्हिडिओतले परदेशी लोक यासाठी हीटर लावतात, हवा कोरडी करायची यंत्रं लावतात. मी म्हटलं, इथे सगळं फुकट आहे, फक्त गच्चीवर न्यायचं.

पण एप्रिलमधली गच्ची आईची असते. तिच्यावर जुन्या साड्या अंथरलेल्या, त्यांच्यावर कुरडया, एका कोपऱ्यात बटाट्याचा कीस, दुसऱ्यात सांडगे. आणि आत जिन्यातल्या पिंपात गहू भिजत घातलेले. तीन दिवस भिजलेल्या गव्हाचा वास ज्यांना माहीत आहे त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. त्या जिन्यातून नाक धरून वर येत आई मला म्हणाली, “तुझ्या त्या सरसाला किती घाण वास येतो.” मी पिंपाकडे नुसतं बोट केलं. ती म्हणाली, ते अन्न आहे.

वाटाघाटी होऊन मला पाण्याच्या टाकीमागचा चार फुटांचा पट्टा मिळाला. अटी अशा की काचेच्या कपच्या उडतात म्हणून तिन्ही बाजूंनी पुठ्ठा उभा करायचा आणि मी तिथे असेपर्यंत कुरडयांवर दुसरी साडी झाकलेली असली पाहिजे. रास्त होत्या. कपच्या खरोखर उडतात, चांगल्या दोन-तीन फुटांवर जातात, आणि कडा ब्लेडसारख्या असतात. डोळ्यांना गॉगल घातल्याशिवाय जवळ जायचं नाही, झाडू नाही मारायचा, ओल्या फडक्याने टिपून घ्यायच्या. मी एकदा अनवाणी गेलो होतो. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

सरस तापवला, काच या वेळी आधी कोमट करून घेतली, दोन-अडीच मिलिमीटरचा थर सुरेख बसला. भर दुपारी एक वाजता काच उचलून टाकीमागे उन्हात ठेवली आणि जेवायला खाली आलो. वर गेलो तर सरस काकवीसारखा वितळून अक्षरांतून ओघळत पुठ्ठ्यापर्यंत गेला होता, त्यात दोन मुंग्या आणि एक पीस. मी तिथेच उकिडवा बसलो. डोक्यात एवढंच, की ऊन कमी पडलं म्हणून दोनदा हरलो आणि आता जास्त झालं म्हणून.

आई कुरडया उलटायला आली होती. तिने बघितलं आणि विचारलं, “हे ओलंच उन्हात ठेवलंस?”

“वाळायलाच ठेवलं ना.”

“उडदाचे पापड मी कुठे वाळवते?”

खोलीत. पंख्याखाली, पलंगावर, सावलीत. उन्हात टाकले तर वळतात, कडांना तडकतात. अंगातलं पाणी सावलीत निघून गेलं की मग शेवटी एक ऊन दाखवायचं आणि डब्यात भरायचे. लहानपणापासून दर वर्षी मी ते पलंगावरचे पापड बघतोय. झोपायला जागा नसते म्हणून कुरकूरही करतोय. ओला सरस हा एक मऊ जेलीचा थर आहे, तिशी-पस्तिशीच्या पुढे गेला की तो परत पातळ व्हायला लागतो, हे मी वाचलंही होतं. पण वाचलेलं आणि पलंगावरचे पापड या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी शेजारी बसल्या नव्हत्या.

काच धुतली आणि पुन्हा सरस दिला. तो गोठला की स्टिकर कडेने कापून अलगद ओढून काढला. काच दार बंद करून खोलीत पंख्याखाली ठेवली, एक रात्र आणि एक दिवस. आता सरसाचा रंग गडद मधासारखा झाला, नखाने टोचलं तर नख घसरत होतं, आणि ‘स’च्या कोपऱ्यात कड किंचित उचलली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गच्चीवर नेली. अण्णाही आले, खुर्ची घेऊन, डोक्यावर पंचा टाकून.

अर्धा तास काही नाही. मग ‘टिक्’. गाडीचं इंजिन गार होताना येतो तसा आवाज. मग पाच मिनिटं शांत. मग दोनदा. साडेअकराच्या सुमारास सलग सुरू झालं, टिक्, टणत्, टिक्-टिक्, आणि पुठ्ठ्यावर काहीतरी आपटल्याचे बारीक आवाज. सरसाचा थर आधी पांढरट पडायचा, म्हणजे तिथे खालची काच सुटली. मग त्याची कड वर वळायची, हळू, वाळलेलं पान वळावं तशी. आणि मग एकदम तुकडा उडायचा. ‘ळ’च्या मोठ्या पोटातला एक तुकडा तर जवळजवळ एक मिनिट कडेवर उभा राहून थरथरत होता आणि आम्ही दोघं श्वास रोखून बघत होतो. तो पडला तेव्हा अण्णांनी मांडीवर थाप मारली. क्रिकेट बघताना मारतात तशी.

उडालेला तुकडा हातमोजा घालून उचलला. एका बाजूला सरस, मधासारखा पारदर्शक, आणि दुसऱ्या बाजूला त्याला घट्ट बिलगलेली काच, केसाएवढ्या पातळ कडेची, माशाच्या खवल्यासारखी. दोघांना नखाने वेगळं करून बघितलं. होत नाहीत.

दुपारी तीनपर्यंत बहुतेक सगळं निघालं. उरलेला सरस कोमट पाण्याने धुऊन काढला, काच पुसली आणि दोन्ही हातांनी आभाळाकडे धरली. पानं, पिसं, नद्या, काय म्हणाल ते. प्रत्येक अक्षरात वेगळं, जाड थर होता तिथे मोठी पानं, पातळ होता तिथे बारीक. यावर परत एकदा सरस देऊन दुसऱ्यांदा काच उपटता येते, नक्षी जास्त दाट होते, पण माझी हिंमत नव्हती आणि गरजही नव्हती. आई कीस गोळा करत होती, माझ्या समोरच्या बाजूला. तिने मान वर करून बघितलं. वाचलं.

“मिसळीतली मि दीर्घ असते का रे आता?”

मी काच फिरवली. ‘मीसळ’.

आता ती रात्रीची साडेअकराची वेळ आठवा. कार्बन पेपर काचेपेक्षा आखूड होता, उलट्या शब्दाचं उजवं टोक त्याच्याबाहेर राहिलं होतं, आणि नेमकी तिथेच वेलांटी. ती मी नंतर बटर पेपर बघून हाताने काढली. पण पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे, हे हाताला पहिलीपासून माहीत. उलट्या शब्दात ती उजवीकडे यायला हवी, आणि माझ्या हाताने दांडा ‘म’च्या डावीकडे, म्हणजे ‘स’ आणि ‘म’च्या मध्ये उभा केला. आरशात ऱ्हस्व दीर्घ होतो आणि दीर्घ ऱ्हस्व. इंग्रजी अक्षरं उलटी केली की निदान खटकतात तरी. आपली ‘मि’ उलटी केली की साळसूदपणे ‘मी’सारखी दिसायला लागते. पंधरा दिवस मी ती काच पाठीमागून बघत होतो. उलटंच सुलटं वाटायला लागलं होतं.

अण्णा काही बोलले नाहीत. खुर्ची घडी करून खाली गेले. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, “वेलांटी मी सगळ्यात शेवटी काढायचो. सगळं वाचून झाल्यावर.”

अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त हुकला. आतेभावाने दुकान उघडलं आणि वर लटकत होता माझ्याच मशीनवर छापलेला फ्लेक्स, सहा बाय तीन, लाल-पिवळा. तो काही बोलला नाही, पण आत्या बोलली.

नवी काच, नवा स्टिकर, या वेळी कार्बन पेपर भरपूर लांब. वेलांटी अण्णांनी स्वतः काढली, काठी टेकवून, काचेवर, उलटी. एका दमात. सरस सावलीत, मग उन्हात. सगळं एका आठवड्यात झालं. ऊनही आता मे महिन्याचं होतं, साडेनऊलाच टणटण सुरू.

मग सोनं. अण्णांच्या काळात बोर्डावरचं सोनेरी म्हणजे पितळी पावडर आणि वॉर्निश. दोन पावसाळ्यांत ते काळवंडायचं आणि वकील-डॉक्टर मंडळी परत यायची. खरा वर्ख काळवंडत नाही. २५ पानांची वही येते, एकेक पान साधारण ८ सेंटिमीटर चौरस आणि पातळ इतकं की बोटाने उचलायला गेलात तर बोटावरच विरून जातं. काचेवर ते चिकटवायला गोंद नसतो. औषधाच्या दुकानातून जिलेटिनच्या रिकाम्या कॅप्सूल आणायच्या, अर्धा लिटर गरम डिस्टिल्ड वॉटरमध्ये एक विरघळवायची, बस्स. (जिलेटिन म्हणजेही पुन्हा सरसाचाच सोज्वळ भाऊ. आईला मी हे सांगितलेलं नाही.) हे पाणी काचेवर फिरवायचं आणि खारीच्या केसांच्या चपट्या ब्रशने वर्ख उचलून जवळ न्यायचा. काचेपासून बोटभर अंतरावर असताना तो स्वतःच उडी मारून जाऊन बसतो. ब्रशने वर्ख उचलला जावा म्हणून तो आधी गालावरून फिरवतात, चेहऱ्याच्या तेलकटपणासाठी. मे महिन्यात, पंखा बंद, खिडक्या बंद, कारण वाऱ्याने वर्ख उडतो. गालावर तेल कुठलं, नुसता घाम. शेवटी मनगटाला खोबरेल तेलाचं बोट लावलं आणि त्यावरून ब्रश फिरवला, तेव्हा जमलं. पहिल्या थराला अठरा पानं गेली, मग भेगा आणि भोकं झाकायला दुसरा थर. दोन वह्या संपल्या. त्यांचा खर्च आतेभावाला मी अजून नीट सांगितलेला नाही.

वर्ख वाळल्यावर अण्णांनी मागून अक्षरांवर आणि भोवतीच्या बारीक रेघेवर काळा ऑइलपेंट भरला. तो सुकला की बाहेर राहिलेलं सोनं ओल्या कापसाने आणि खडूच्या पुडीने पुसून काढायचं, आणि उरलेल्या काचेला बाटलीहिरवा रंग. पुसताना अण्णा माझ्या हातातून कापूस काढून घेत होते. मी दोनदा परत घेतला, तिसऱ्यांदा राहू दिलं.

बोर्ड लागला तो मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी. समोर ऊन तिरपं येत होतं. अक्षरांच्या भोवतीची सपाट रेघ आरशासारखी शांत आणि आत कपच्यांमध्ये सोनं हजार ठिकाणी मोडलेलं, तुम्ही एक पाऊल सरकलात की सगळं हलतं. एक माणूस स्कूटर थांबवून बघत उभा राहिला. मिसळ खाल्ली नाही त्याने, पण थांबला. आतेभावाने फ्लेक्स काढला नाही. तोही आहे, बाजूला. लांबून दिसायला लागतो, म्हणे.

‘मीसळ’ मी फेकली नाही. ती शालिमारच्या दुकानात प्लॉटरच्या मागे भिंतीला टेकवून ठेवली आहे, नुसती काच, सोनं न लावलेली. ‘ळ’च्या लहान पोटात सरसाचा एक तुकडा चिकटून राहिला होता, तो धुवायचा राहून गेला. मागच्या मंगळवारी दुपारी लाइट गेली होती, मशीन बंद, दुकानात एकदम शांत. अण्णा खुर्चीत डुलक्या घेत होते. मागून आवाज आला, टण.

अण्णांनी डोळे न उघडता विचारलं, “तिचं अजून चालूच आहे का?”